ईदनंतरचे बेचाळीस किलोमीटर

लंडनमध्ये त्या रविवारी सकाळी पावसाची भुरभुर चालू होती. तारीख २३ एप्रिल २०२३. लंडन मॅरेथॉनच्या महिला गटातल्या आघाडीच्या धावपटू टॉवर ब्रिजच्या दिशेने निघाल्या होत्या. शर्यत अजून अर्धीही झाली नव्हती. एवढ्यात त्यांच्यातली एक मागे पडली आणि चक्क थांबली. पाय दुमडून तिने कंबरेजवळचा स्नायू ताणला, थोडी धावली, पुन्हा थांबली, पुन्हा ताणला. पुढचा घोळका दूर जात राहिला. मॅरेथॉनमध्ये आघाडीची धावपटू अशी थांबली की बघणारे समजून जातात, हिचं आज संपलं.

ती सिफान हसन होती, नेदरलँड्सची. टोकियो ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटरची सुवर्णपदकं आणि पंधराशे मीटरचं कांस्य तिच्या नावावर होतं. ट्रॅकवर तिला तोड नव्हती. पण ४२ किलोमीटर १९५ मीटरची रस्त्यावरची शर्यत ती आयुष्यात पहिल्यांदाच धावत होती. शर्यतीच्या दोनच दिवस आधी, शुक्रवारी, युरोपात बहुतेक ठिकाणी ईद साजरी झाली होती. म्हणजे पहिल्या मॅरेथॉनआधीचे शेवटचे चार आठवडे, ज्यांत धावपटू घास मोजून खातो आणि घोट मोजून पितो, ते सगळेच्या सगळे रमजानचे होते.

‘पाणीसुद्धा नाही?’ रमजानात ऑफिसात, कॉलेजात, बँकेच्या काउंटरवर रोजेदाराला हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा आपुलकीने विचारतो आणि उत्तरही ठरलेलं असतं. नाही, पाणीसुद्धा नाही. उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आठवणाऱ्याला हे जरा जड वाटतं; ज्यांच्या घरात कुणी निर्जळी एकादशी धरतं, त्यांना लगेच कळतं. पहाट फुटण्यापूर्वी सहरी आटपायची, मग सूर्यास्तापर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आपल्याकडे मार्च महिन्यात हा रोजा साधारण सव्वातेरा तासांचा होतो. लंडनमध्ये एप्रिल संपत येतो तेव्हा तो सोळा तासांच्या घरात जातो. उत्तरेकडे वसंतात दिवस भराभर वाढतो. त्यामुळे त्या वर्षी तिथल्या रोजेदाराचा शेवटचा रोजा पहिल्या रोजापेक्षा जवळपास दोन तासांनी मोठा होता. सवय होत जावी तसा रोजा लांबत जावा, असा तो हिशेब.

मॅरेथॉनचा हिशेब नेमका उलटा असतो. तयारी साधारण चार महिन्यांची. पहिले तीन महिने अंतर वाढवत नेण्याचे. शर्यतीला तीन-चार आठवडे उरले की सगळ्यात लांबची धाव होते, ३० ते ३५ किलोमीटरची. तिथून पुढे उतरती भाजणी. आठवड्याचं अंतर कमी करत करत निम्म्यावर आणायचं, वेगाच्या धावा मात्र सोडायच्या नाहीत. याला टेपर म्हणतात. मोठ्या मैदानाआधी वस्ताद पैलवानाची मेहनत उतरवतो, हे कोल्हापूर-सांगलीकडे कुणाला सांगायला नको. तसंच हे. महिनोन्‌महिने मार खाल्लेल्या स्नायूंना सांधून यायला वेळ द्यायचा, झोप वाढवायची आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत भात, पोळी, बटाटा, पास्ता खाऊन शरीरातला साखरेचा साठा काठोकाठ भरायचा.

हा साठा म्हणजेच मॅरेथॉनची सगळी गंमत. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात जी शर्करा साठवतात, ती साधारण दोन हजार कॅलरींची. धावायला ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. पंचावन्न किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरसाठी तेवीसशेच्या पुढे. चरबीतूनही ऊर्जा मिळते, पण ती सावकाश. वेगात धावणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. म्हणून तिशीच्या पुढचे किलोमीटर बदनाम आहेत. तिथे पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. भिंत चुकवायची असेल तर आधी साठा पूर्ण हवा आणि वाटेत गोड पाणी, जेल असं काही ना काही पोटात जात राहायला हवं.

आता हे दोन हिशेब एकावर एक ठेवून पाहा. युरोपात २०२३चा रमजान २३ मार्चला सुरू झाला आणि शर्यत होती २३ एप्रिलला. अगदी महिन्याचं अंतर. रमजानचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात, त्यांना अशरा म्हणतात. पहिल्या अशऱ्यात शरीर रोजाला रुळत असतं. डोकं दुखतं, चहाची तलफ छळते. मॅरेथॉनच्या तयारीत नेमके तेच दिवस सगळ्यात लांब धावांचे. दुसऱ्या अशऱ्यात रोजा अंगवळणी पडतो आणि धावणंही कमी होऊ लागतं. इथे दोघांचं जमतं. तिसऱ्या अशऱ्यात पुन्हा बिनसतं. धावपटूला या दिवसांत आठ-नऊ तास झोप हवी असते, आणि रमजानचे शेवटचे दहा दिवस तर जागायचे. विषम तारखांच्या रात्रींमध्ये शबे कद्र शोधायची असते. मशिदी रात्रभर गजबजलेल्या असतात, एरवी कधी न दिसणारी माणसंही पहिल्या रांगेत दिसतात.

रमजानात धावणाऱ्याला खरी अडचण भुकेची असेल, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात झोप जास्त नडते. तरावीहची नमाज आटपून घरी यायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. सहरीला चारला उठायचं. मधली पाच तासांची झोप, तीही तुटक. दुपारी तासभर आडवं होण्याची पद्धत, जिला कैलूला म्हणतात, ती पैगंबरांच्या काळापासून चालत आलेली आहे. दुकानदार पूर्वी शटर अर्धं ओढून ती पाळत. आज नोकरदार माणसाला ती कुठून मिळणार? पण खेळाडूंचे प्रशिक्षक रमजानात पहिली विचारणा करतात ती हीच, दुपारी झोपलास का.

सरावाची वेळ हा दुसरा घोळ. दिवसभरात रोजेदार धावपटूला धावायला जागा फार थोड्या. इफ्तारच्या आधीचा पाऊण-एक तास बरेच जण पसंत करतात. अंगात जोर नसतो, तोंड कोरडं पडलेलं असतं, पण धाव संपली की लगेच पाणी मिळणार हे ठाऊक असतं. अशा वेळी सावकाश धावायचं, घड्याळाकडे बघायचं नाही. वेगाचा सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, खजूर, पाणी आणि थोडं काही पोटात गेल्यावर. मग तरावीह कधी, हा प्रश्न येतोच. काही जण ती घरी पढतात. लांबची धाव सगळ्यात अवघड. ती करणारे रात्री दोन-अडीचला उठतात, थोडं खातात, अंधारात धावतात आणि सहरीची वेळ संपायच्या आत परत येऊन पोटभर खातात-पितात. शहरातली कुत्री या वेळेला जागी असतात, ही माहिती कुठल्याच सराव-पुस्तकात सापडत नाही.

गंमत अशी की सहरी आणि इफ्तारचे जुने दंडक खेळाडूच्या सोयीचेच आहेत. सहरी शक्य तितकी उशिरा करावी आणि सूर्य मावळताच इफ्तारला क्षणाचाही उशीर करू नये, ही पैगंबरांची शिकवण. म्हणजे उपाशी राहण्याचा काळ आहे त्यापेक्षा उगाच लांबवायचा नाही. सहरीत बरकत आहे, ती चुकवू नका, असंही हदीसमध्ये आहे. आणि रोजा सोडायचा तो खजुराने. तीन खजूर आणि पाणी म्हणजे लगेच रक्तात उतरणारी साखर आणि सोबत पोटॅशियम. आज मॅरेथॉनवाले पाकिटातल्या महागड्या जेलऐवजी खिशात खजूर ठेवून धावतात, तेव्हा मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना हसू येतं.

पण आपण करतो ते काय? खजूर आणि पाण्यानंतर लगेच भजी, समोसे, तळलेले कबाब, रंगीत सरबत. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने रचली, त्याला आपल्या इफ्तारचं ताट पाहून नवी म्हण रचावी लागली नसती. धावणाऱ्याला हे परवडत नाही. त्याचं इफ्तार साधं असतं: फळं, डाळ किंवा हलीम, भात-रोटी, दही. सहरीला असं अन्न, जे हळूहळू पचेल. ज्वारीची भाकरी, अंडी, ओट्स, दूध, केळं. पाणी एकदम लिटरभर ढोसून उपयोग नसतो, ते तासाभरात निघून जातं. इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पीत राहावं लागतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढं पाणी कमी झालं तरी लांब पल्ल्याच्या धावेवर परिणाम दिसू लागतो. पंचावन्न किलोच्या माणसाला दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा लिटरहून कमी.

कोणी धरला, कोणी पुढे ढकलला

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावरून दोन्ही बाजूंनी गैरसमज होतात. रोजा हा जिवावर उदार होण्याचा खेळ नाही. आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे; राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाचा आदेश जिथे आहे, तिथेच ही सवलतही आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको, हा आशयही तिथलाच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही गरज पडली तर मुभा आहे. मासिक पाळीच्या दिवसांत तर रोजा नसतोच. या सवलतीला रुख़सत म्हणतात.

ती कोण कशी घेतो, यात मोठ्या खेळाडूंचीही एक रीत नाही. २०१२च्या जुलैमध्ये ओव्हलच्या मैदानावर हाशिम आमलाने नाबाद ३११ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजाचं कसोटीतलं ते पहिलं त्रिशतक. रमजान सुरू झालेला होता, दाढीवाला आमला धार्मिक म्हणून जगभर माहीत होता, आणि त्या दिवसांत त्याचा रोजा नव्हता. तो प्रवासात होता, सवलत होती, रोजे घरी गेल्यावर भरून काढणार होता. त्याच रमजानात लंडन ऑलिंपिक आलं. ब्रिटनच्या मो फराहनेही रोजे पुढे ढकलले आणि पाच व दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदकं घेतली. उलट उदाहरण बास्केटबॉलमधलं. अमेरिकेच्या एनबीएमध्ये खेळणारा हकीम ओलाजुवॉन सामन्याच्या दिवशीही रोजा धरायचा. १९९५चा रमजान १ फेब्रुवारीला सुरू झाला आणि त्या फेब्रुवारीचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

यातला खरा मुसलमान कोण, हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला जातो आणि तो फजूल आहे. सवलतीत बसणाऱ्याने सवलत घेतली तर त्याची श्रद्धा पातळ होत नाही. आणि ज्याला रोजा झेपतो, त्याला ‘वेडा आहेस का’ म्हणण्याचा अधिकार इतरांना मिळत नाही. सिफान हसनने रोजे धरूनच सराव केला. तिची शर्यत ईदनंतर होती, त्यामुळे शर्यतीच्या दिवशीचा प्रश्न आपोआप सुटला होता. सुटला नव्हता तो आधीच्या महिन्याचा.

बाटली

सिफानचं आयुष्य तसंही सरळ रेषेत गेलेलं नाही. जन्म इथिओपियातल्या अदामाचा, १९९३चा. पंधराव्या वर्षी, २००८मध्ये, निर्वासित म्हणून ती नेदरलँड्सला पोहोचली. तिथे परिचारिकेचं शिक्षण घेता घेता धावायला लागली. २०१३मध्ये तिला डच नागरिकत्व मिळालं. टोकियोत पंधराशे मीटरच्या प्राथमिक फेरीत शेवटच्या फेऱ्याला ती धडपडून पडली, उठली, सगळ्यांना गाठून ती फेरी जिंकली आणि त्याच संध्याकाळी पाच हजार मीटरचं सुवर्ण घेतलं. एवढं सगळं पाहिलेली ही बाई मॅरेथॉनला मात्र घाबरली होती. शर्यत पूर्ण होईल की नाही, याचीच तिला खात्री नव्हती, असं तिने स्वतः सांगितलं.

स्पर्धाही सोपी नव्हती. ब्रिगिड कोसगेई होती, तेव्हाचा २ तास १४ मिनिटं ४ सेकंदांचा विश्वविक्रम तिचाच. टोकियोची मॅरेथॉन विजेती पेरेस जेपचिरचिर होती. आदल्या वर्षीची लंडन विजेती यालेमझेर्फ येहुआलॉ होती. त्यातली कोसगेई पहिल्या काही मिनिटांतच दुखापतीने बाहेर पडली. मॅरेथॉन इतकी बेभरवशाची असते.

एकोणीस-वीस किलोमीटरला सिफान थांबली ती कंबरेच्या दुखण्याने. पुढच्या बायका जवळपास अर्ध्या मिनिटाने दूर गेल्या. ट्रॅकवर अर्धा मिनिट म्हणजे शर्यत संपली. रस्त्यावर अजून बावीस-तेवीस किलोमीटर शिल्लक होते. स्नायू जरा सैल झाला तशी ती एकेक सेकंद कापत निघाली. त्यासाठी वेग एकदम वाढवला नाही. पुढच्या घोळक्याने आपसातल्या डावपेचात वेग थोडा उतरवला, त्याचाही तिला फायदा झाला. शर्यत संपायला काही किलोमीटर उरले असताना ती पुन्हा त्यांच्यात होती.

आणि तिथे रमजानने आपली फी वसूल करायचा प्रयत्न केला.

अव्वल धावपटूंसाठी ठरावीक अंतरावर रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलेली असतात. प्रत्येकीची स्वतःची बाटली, ओळखू यावी म्हणून रंगीत खुणा केलेली. ताशी अठरा किलोमीटरने धावताना, आजूबाजूला धक्काबुक्की असताना, नेमकी आपली बाटली उचलायची, सांडू न देता प्यायची, ठसका लागू द्यायचा नाही. हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. पोटालाही शिकवावं लागतं. धावताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, त्या वेळी गोड पेय पचवायची सवय नसेल तर मळमळतं, पोटात कळ येते. म्हणून लांब धावांमध्ये शर्यतीत जे प्यायचं तेच पिऊन पाहतात, आठवड्यामागून आठवडे.

सिफान आयुष्यभर ट्रॅकवर धावलेली. पाच किंवा दहा हजार मीटरमध्ये वाटेत पाणी घ्यावं लागत नाही. म्हणजे ही गोष्ट तिला अगदी पहिल्यापासून शिकायची होती, आणि शिकायचा महिना नेमका असा, ज्यात दिवसा ओठाला पाणी लावायचं नाही. रमजानमुळे बाटली घ्यायचा सराव करता आला नाही, हे शर्यतीनंतर तिने मोकळेपणाने सांगितलं. रोजाने तिचे पाय थकवले नव्हते, श्वास कमी केला नव्हता. तो महिना नडला तो या एवढ्याशा ठिकाणी, जिथे कुणाचं लक्षही जाणार नाही.

शेवटच्या टप्प्यात तिचं टेबल तिच्या लक्षातच उशिरा आलं. बाटली हुकणार असं दिसताच ती रस्ता आडवा कापत टेबलाकडे धावली. मागून शर्यतीबरोबर चालणारी मोटारसायकल येत होती. धडक थोडक्यात वाचली. बाटली हाताला लागली. पुन्हा घोळक्याकडे. टीव्हीवर हे पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला असेल. चौकात हँडलला पिशव्या अडकवून यू-टर्न मारणारे आपले लोक आठवले, तर मात्र तिचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

पुढचा भाग तिच्या ओळखीचा होता. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या सरळ रस्त्यावर तिघी-चौघी एकत्र आल्या, म्हणजे बेचाळीस किलोमीटरनंतर शर्यत शेवटी ट्रॅकसारखी झाली. पंधराशे मीटरची ही राणी सुसाट सुटली. २ तास १८ मिनिटं ३३ सेकंद. इथिओपियाची अलेमू मेगेर्टू चार सेकंद मागे, जेपचिरचिर पाच सेकंद. रेषा ओलांडल्यावर सिफानचा चेहरा विजेत्याचा नव्हता, भलत्याच घरात शिरल्यासारखा होता. डोक्यावर हात, डोळे विस्फारलेले. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, मो फराह आपली शेवटची लंडन मॅरेथॉन धावला आणि नववा आला.

ऑक्टोबरमध्ये, जेव्हा रमजान नव्हता, सिफानने शिकागोत २ तास १३ मिनिटं ४४ सेकंदांची वेळ नोंदवली. लंडनपेक्षा जवळपास पाच मिनिटं कमी. यावरून रोजाने पाच मिनिटं खाल्ली असं कुणी म्हणेल, पण ते गणित चुकीचं आहे. शिकागोचा रस्ता सपाट आहे, लंडनला ती थांबली होती, आणि पहिल्या मॅरेथॉनमध्ये जे कळतं ते दुसरीत उपयोगी पडतं. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजारची कांस्यपदकं घेऊन, दहा हजारच्या अंतिम शर्यतीनंतर दीड दिवसाने, तिने मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं, २ तास २२ मिनिटं ५५ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. समारोपाच्या सोहळ्यात ते पदक घ्यायला ती हिजाब घालून आली.

आपल्या मैदानावर

लंडन फार लांब वाटत असेल तर आपल्या गावच्या मैदानावर पहाटे जाऊन पाहावं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तिथे असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. पन्नास गुणांची मैदानी परीक्षा, आणि एकेका सेकंदाला गुण. त्यांच्यातले मुसलमान मुलगे-मुली रमजानात काय करतात? काही जण सहरीच्या आधी येऊन धावतात. काही इफ्तारनंतर, दिवाबत्तीच्या उजेडात. सोबतची हिंदू पोरं आपली वेळ बदलून त्यांच्याबरोबर संध्याकाळी येतात, कारण घड्याळ धरायला आणि वेग लावायला कुणी तरी सोबत लागतं. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा कुणासाठी बाजूला काढून ठेवायचा, हे मग घरी वेगळं सांगावं लागत नाही.

सोळाशे मीटरला पाण्याची बाटली लागत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न सिफानपेक्षा सोपा. तरी मार्चच्या उन्हात सकाळी दहानंतर रोजा धरून जोरात धावणं शहाणपणाचं नाही. गरगरणं, घाम थांबणं, बोलताना अडखळणं ही उष्माघाताची लक्षणं दिसली तर रोजा सोडून पाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. जीव वाचवण्यासाठी रोजा सोडायला कुणाची परवानगी लागत नाही. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावं, मैदानावर नंतर.

मॅरेथॉनचा प्रश्नही आपल्यापर्यंत येणारच आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३०मध्ये तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. पहिला साधारण ५-६ जानेवारीला सुरू होईल, चाँद दिसेल तसा. मुंबई मॅरेथॉन २००४पासून होते आणि अनेक वर्षं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. २०३०चा तो रविवार आहे २० तारखेचा. रीत अशीच राहिली तर मुंबईची पूर्ण मॅरेथॉन भर रमजानात, साधारण पंधराव्या-सोळाव्या रोजाला धावली जाईल. ईदनंतरची नव्हे, रोजातली.

पूर्ण अंतराची शर्यत पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते. जानेवारीत मुंबईत सहरीची वेळ सहाच्या जरा आधी संपते. म्हणजे रोजा धरून धावणाऱ्याला पहिले आठ-दहा किलोमीटर पाणी पिता येईल, नंतर बत्तीस-चौतीस किलोमीटर कोरडे, तेही सूर्य चढल्यावर, आणि सामान्य धावपटूला चार-पाच तास लागतात. हे करू नये. सिफान हसननेही शर्यत रोजात धावली नव्हती.

मग उरते रुख़सत. मालेगाव, सोलापूर, मिरज, लातूरहून मुंबईला धावायला जाणारा माणूस शरीयतच्या हिशेबाने मुसाफिर ठरेल; त्याने वाटेत पाणी प्यावं, खजूर खावेत आणि तो एक रोजा नंतर भरून काढावा. भायखळ्याच्या नाहीतर माहीमच्या माणसाची मात्र पंचाईत आहे. तो घरीच आहे. त्याला एक तर अर्ध मॅरेथॉनचा त्याहून छोटा पल्ला बघावा लागेल, नाहीतर शर्यतीच्या रस्त्यावर उभं राहून मालेगाववाल्याच्या हाती बाटली द्यावी लागेल.